दोनशेचा दगड

“थे म्हणून राहिले होते, दगडं जवळ येऊन राहिले म्हणून.”

स्वयंपाकघरात काकू तुमच्या बहिणीला सांगत होत्या. तुमची तेरवी होऊन दोन दिवस झाले होते. मी बाहेरच्या खोलीत तुमच्या खाटेच्या कडेला बसले होते आणि काकूंनी आणून दिलेली ती लांब लाकडी पेटी माझ्या मांडीवर आडवी होती.

“कोणते दगडं वं?” तुमच्या बहिणीने विचारलं.

“काय माहीत बाप्पा. काहीबाही बोलत असतीन.”

पुन्हा सुपाचा आवाज सुरू झाला. काकूंना ते दगड माहीत नव्हते, काका. मला माहीत होते. मी पेटीच्या कड्या घट्ट धरून बसले. दगड जवळ येताहेत हे फक्त मलाच ठाऊक आहे, असं मी वर्षभर समजत होते.

तुमच्याशी मी फार बोलले नाही. कोणाशीच बोलत नाही, पण तुम्हाला त्याचा राग नव्हता. “हे पोट्टी कॉन्व्हेंटात शिकली, अन् तिथं तिले फक्त चूप राहाचं शिकवलं,” असं तुम्ही आपल्या नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांना सांगायचा. दादा अमेरिकेला गेला आणि त्याची बावीस बोअरची रायफल घरात पडून राहिली, तेव्हा तुम्हीच बाबांना म्हणालात की बंदूक गंजेल, पोरीला पाठवा. तोपर्यंत मी फक्त दादाचे गुण वहीत लिहायला यायची. हिंगण्याच्या पुढे टेकडीच्या पोटाशी आपली ती मोकळी जागा, एक पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध. शेडपासून बांधाकडे पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे यार्डांवर चुना फासलेले दगड.

ते दगड दरवर्षी तुम्ही रोवायचा. पावसाळ्यात तिथे गुरं चरायची, दगड कोणी चुलीला न्यायचं, कोणी कुंपणाला. दिवाळीनंतरच्या रविवारी गवत कापलं की तुम्ही शेडच्या उंबऱ्याला टाच लावून उभे राहायचा आणि चालायला लागायचा. एक पाऊल, एक यार्ड. भूमापन खात्यात तीस वर्षं साखळीमागे चाललेला माणूस. टेप आणू का, असं कोणी विचारलं तर तुम्ही त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. दोनशे पावलं झाली की तिथे दगड आणि त्या दगडापाशी दहा पणत्या. प्रत्येकाने आपापल्या घरची दिवाळीत जळून काळी झालेली मोठी पणती आणायची, तिचं तोंड शेडकडे करून मातीत तिरकी खोचायची. दहा गोळ्या, दहा पणत्या. अंदाज घ्यायला आधी एकही गोळी मारायची नाही. मोसमातली पहिली गोळीच मोजायची.

हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला सांगायला हवं की बावीसची गोळी दोनशे यार्डांवर नेम धरल्यासारखी सरळ जात नाही. ती खूप पडते, म्हणून साइट, म्हणजे बंदुकीवरची नेमाची पट्टी, अंतराप्रमाणे लावावी लागते. पंधरा-सोळा यार्डांची चूक झाली की गोळी वीतभर वर नाहीतर खाली. पणती तळहाताएवढी. म्हणजे सगळा खेळ नेमाचा कमी आणि अंतराचा जास्त. हे तुम्हीच मला शिकवलंत.

आणि तरी रेंजफाइंडर, जागेवरूनच लांबचं अंतर मोजणारं यंत्र, तुम्हालाच हवं होतं. तुमच्या मनात काय होतं कोण जाणे. सदर बाजारातल्या त्या फौजी भंगाराच्या दुकानात तुम्ही मला घेऊन गेलात, कारण माहितीपत्रक इंग्रजीत होतं. दुकानदाराने दोन नग टेबलावर ठेवले. एक हातभर, चकचकीत, गळ्यात अडकवता येईल असा. दुसरा चांगला मीटरभर लांबीचा नळा, पोचे पडलेला, दोन्ही टोकांना एकेक खिडकी. तुम्ही लगेच छोटा उचललात.

“हा घेऊ. खांद्याले सोपा.”

मी माहितीपत्रक वाचत होते. तुम्ही थांबलात. मी वाचून झाल्यावरच बोलते, हे तुम्हाला ठाऊक होतं.

“काका, दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी लांबच्या वस्तूची चूक कमी. छोटा शंभरावर चालेल. दोनशेवर पणतीसाठी नाही चालणार.”

“अरे बाप्पा! बोलली.” तुम्ही दुकानदाराकडे वळलात. “मोठाच द्या. पोट्टीनं एवढे शब्द वर्षभरात खर्च नसतीन केले.”

दुकानदार म्हणाला, “बाबूजी, ये वजनी है, दो आदमी लगेंगे.” तुम्ही म्हणालात, “दोन हावोत ना आम्ही.”

त्या नळ्यातून पहिल्यांदा पाहिलं ते शेडमध्ये तिपाईवर ठेवून, आणि समोर तुम्ही चालत होता. तेव्हा मला खरंच दचकायला झालं होतं. यंत्र डाव्या खिडकीतून वरची अर्धी वस्तू दाखवतं आणि उजव्या खिडकीतून खालची अर्धी. मधे एक बारीक रेघ. अंतर लागेपर्यंत दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले. तर कमरेपासून वरचे तुम्ही एका बाजूला चालत होता आणि तुमचे पाय दुसऱ्या बाजूला. मी चाक फिरवलं. पाय हळूहळू तुमच्याखाली आले, क्षणभर तुम्ही पूर्ण माणूस झालात, आणि पुढचं पाऊल टाकताच पुन्हा तुटलात. तुम्ही लांब जात राहिलात आणि मी तुम्हाला जोडत राहिले.

दगडापाशी पोचून तुम्ही वळलात आणि ओरडलात, “किती वं?”

तेव्हापासून तो आपल्याकडचा रिवाज झाला. रोवणाऱ्याने विचारायचं, शेडमधल्याने मोठ्याने अंतर सांगायचं, मग रोवणाऱ्याने हात वर करायचा, मग चुना. माझ्याच्याने ओरडवेना. मी वानखेडेभाऊंच्या कानात सांगितलं आणि ते ओरडले, “एकशे अठ्ठ्याण्णव!” वानखेडेभाऊ आपले सेक्रेटरी, एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जाणारे, त्यांचा आवाज यंत्रांवरून जायला तयार झालेला. तुम्ही तिकडे दोन्ही हात वर करून नाचलात.

“पाय! माह्ये पाय अन् तुहं यंत्र, दोनच यार्डाचा फरक! आता सांग, दोन यार्ड कोणाचे चुकले?”

तो आपला वाद. यंत्र की पाऊल. मी म्हणायचे, म्हणजे मनात म्हणायचे आणि कधीतरी चिठ्ठीवर लिहून द्यायचे, की माणूस थकतो. तुम्ही म्हणायचा की यंत्र तापतं. नळ्याला उन्हात ठेवलं की काचा हलतात, म्हणून तो अधूनमधून चंद्रावर लावून घ्यायचा. चंद्र इतका लांब की त्याचे दोन्ही तुकडे चाकावरच्या अनंताच्या खुणेवर जुळलेच पाहिजेत. नाही जुळले तर बाजूचा स्क्रू फिरवायचा. तुम्ही हे दिवसा करायचा. शुद्ध अष्टमीच्या सुमारास दुपारी तीनला पूर्वेकडे पांढरट अर्धा चंद्र असतो, कोणी बघत नाही असा. तुम्ही बघायचा. “जवळच्या वस्तूवर कधी लावू नको,” तुम्ही मला बजावलं होतंत. “जवळची वस्तू खोटं सांगू शकते.”

मग मागचं वर्ष.

तुम्ही टाच लावून उभे राहिलात आणि चालू लागलात. मी नळ्यातून पाहत होते. तुमचे खालचे अर्धे, म्हणजे नुसते पाय, माझ्यासमोर मोठे दिसत होते. ते उचलले जात नव्हते. घासत होते. शंभरानंतर ते आणखी आखूड झाले. वरचे तुम्ही मात्र तसेच होता, ताठ, ओठ मोजत असलेले. हे दोघे एकाच माणसाचे असतील असं वाटेना. तसं क्लबाच्या वहीतलं तुमचं अक्षर त्या वर्षात लहान होत चाललंय हे मी पाहिलं होतं. आधी जोंधळ्याएवढं, मग तिळाएवढं. मी गुण वाचताना वही डोळ्यांजवळ न्यायची आणि कोणाला काही बोलायची नाही.

तुम्ही दोनशे मोजलेत, थांबलात, वळलात. मी चाक फिरवलं. तुम्ही जुळलात. चाकावर आकडा होता एकशे चौऱ्याऐंशी.

मी पुन्हा मोजलं. तेच.

“किती वं?”

वानखेडेभाऊ आणि बाकीचे पणत्या घेऊन पुढे गेले होते. शेडमध्ये मी एकटी. आणि नळ्यात तुम्ही होता, रेघेने कुठेही न तुटलेले, थेट माझ्याकडे बघणारे. तुम्हाला मी दिसणं शक्य नव्हतं. तरी तुम्ही डोळ्यात डोळे घालून वाट पाहत होता असं मला वाटलं, आणि तुमचा वर करायला तयार असलेला हात मांडीपाशी बारीक थरथरत होता.

मी ओरडले, “दोनशे!”

काका, आयुष्यात इतक्या मोठ्याने मी तोवर काही बोलले नव्हते. टेकडीवरून तो शब्द परत आला, माझ्या आवाजात, पण जरा उशिरा आणि जरा वेगळा, जणू कोणी खात्री करून घेत होतं. तुम्ही हात वर केलात. मग चुना.

इथपर्यंत दया म्हणता येईल. पुढे केलं ती दया नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी साइट एकशे चौऱ्याऐंशीला लावली. बाकी सगळ्यांनी दोनशेला लावली होती. त्यांच्या गोळ्यांची धूळ पणत्यांच्या वीतभर वर उडत होती, रांगेने, एकाच उंचीवर. कोणी म्हणालं वारा आहे, कोणी म्हणालं काडतुसांची पेटी नवीन आहे. कोणाची एकही पणती फुटली नाही. माझ्या चार फुटल्या. चार कधीच कोणाच्या फुटल्या नव्हत्या.

“डोया पाहा पोट्टीचा!” तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. “तुम्ही सगळे वारा मोजत बसा गा. हिनं अंतर डोयानं मोजलं!” वानखेडेभाऊंनी मला पेढा दिला आणि म्हणाले, “आमाले बी शिकव वं, मॅडम.” सगळे हसले. मी पेढा तोंडात धरून उभी राहिले.

आणि मी चाक फिरवायला विसरले होते.

सामान आवरताना तुम्ही सहज नळ्याशी वाकलात. दोन्ही तुकडे दगडावर जुळलेलेच होते. तुम्ही आकड्याकडे पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत. मग माझ्याकडे न बघता हळू विचारलंत, “नळा त वेगळंच सांगून राहिला वं?”

“बिघडलाय, काका,” मी म्हणाले. “मी अंदाजाने ओरडले.”

तुम्ही मान हलवलीत. “घरी नेतो. पायतो.”

दुसऱ्या रविवारी तुम्ही नळा परत आणलात, शेडमध्ये मांडलात आणि दोनशेच्या दगडावर लावून मला म्हणालात, “पाय.” मी पाहिलं. दोनशे. अगदी काट्यावर. “आता बरोबर हाये,” तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं. हा माणूस जवळच्या वस्तूवर यंत्र लावणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग पाय चुकले नसतील, मीच चुकले असेन. पण माझ्या चार पणत्या फुटल्या होत्या, आणि पणत्या खोटं सांगत नाहीत.

उन्हाळ्यात दादाचं पत्र आलं, ते मी तुम्हाला तुमच्या अंगणात वाचून दाखवलं. तुम्ही तोवर काठी घेऊन चालायला लागला होता. दादाने लिहिलं होतं की आता फौजेकडे लेसरचे रेंजफाइंडर आलेत, पुढेमागे ते आपल्यासारख्यांनाही मिळतील. बटण दाबलं की प्रकाश जातो, वस्तूला लागतो, परत येतो. त्याला किती वेळ लागला त्यावरून अंतर. ना तुकडे जुळवायचे, ना चंद्र.

“मंग आमच्यासारख्याचं काय काम?” तुम्ही म्हणालात. मग विचारलंत, “अन् परत नाही आला त उजेड?”

“मग आकडा येत नाही.”

“काहीच नाही सांगत?”

“काहीच नाही.”

“हे बरं हाये,” तुम्ही म्हणालात. “खोटं त सांगत नाही.”

मी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. तेव्हा मी बोलू शकले असते. तुम्ही त्यासाठी जागा करून ठेवली होतीत, हे मला आता दिसतं. काकूंनी आतून चहाला हाक मारली आणि तुम्ही म्हणालात, “चाल वं, मुकी.”

तेरवीनंतरच्या त्या दिवशी काकूंनी नळ्याची पेटी देताना सांगितलं, “तुह्याच नावानं ठेवली त्यायनं. म्हणे, पोट्टीले देजो अन् सांगजो, चंद्रावर लावून घे म्हणा. काय समजायचं थे तूच समज बाई.”

मी पेटी घरी आणली आणि दिवाळी होईपर्यंत उघडली नाही. पणत्या धुतल्या नाहीत, त्यातली एक बाजूला काढली. अष्टमीच्या दुपारी, क्लबाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, गच्चीवर तिपाई मांडली. चंद्र होता, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर, धुतलेल्या कपड्यासारखा फिका. मी चाक अनंताच्या खुणेवर आणलं.

चंद्र तुटलेला होता.

वरचा तुकडा आणि खालचा तुकडा यांच्यात बारीकशी फट. मी चाक मागे फिरवलं, फट वाढली. मग पुढे फिरवलं. अनंताच्या खुणेच्या पुढे थोडी पट्टी उरते, तिच्यावर काही छापलेलं नसतं, कारण तिथे मोजण्यासारखं काही नसतं. चाक त्या कोऱ्या पट्टीवर गेलं आणि तिथे चंद्राचे दोन्ही तुकडे आवाज न करता जुळले. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तुम्ही नळा तुमच्या दगडावर लावला होतात. माझं खोटं खरं करण्यासाठी तुम्ही सगळी दुनिया सोळा यार्ड मागे ढकलली होतीत, आणि चंद्र बिचारा शेवटाच्याही पलीकडे जाऊन उभा होता.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणून केलंत, की मला वाचवायला केलंत? की दोनशे पावलं अजून दोनशेच आहेत, हे एकदा यंत्राच्या तोंडून ऐकायचं होतं? विचारायला उशीर झाला. मी स्क्रू फिरवला. थोडाच फिरवावा लागला. चंद्र आपल्या खुणेवर आला. तो स्क्रू फिरवताना तुमचा हात धरून बाजूला करते आहे असं मला वाटत होतं, आणि खरं सांगते, तो हात लगेच बाजूला झाला नाही.

काल आम्ही टेकडीपाशी गवत कापलं. बाकीचे तीन दगड नेहमीसारखे गेलेले. दोनशेचा मात्र जागच्या जागी. चुना उडालेला, एका बाजूला मुंग्यांचं वारूळ धरलेलं, पण हललेला नाही. सगळे त्याच्याभोवती गोल उभे राहिले. कोणी चप्पल काढली.

“काकानंच ठेवला गा,” वानखेडेभाऊ म्हणाले. त्यांचा कारखान्यातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “याले हात नाही लावाचा. आता कायमचं दोनशे हेच. यंदा पावलं मोजाचं कामच नाही.”

सगळ्यांनी हो म्हटलं. मीही मान हलवली. मग मी शेडमध्ये येऊन तिपाई मांडली, नळा ठेवला, कारण रिवाज तेवढा उरला होता. वानखेडेभाऊ तुमच्या जागी दगडापाशी उभे राहिले. मी डोळा लावला. रेघेच्या वर त्यांचं धड, खाली पाय, दोन्ही सरकलेले. पाय नुसते दिसत होते तेव्हा ते कोणाचेही असू शकले असते. त्यांच्या पायात तुमच्यासारख्याच टायरच्या चपला होत्या. मी चाक फार हळू फिरवलं. जुळू नये असंही वाटत होतं, कारण जुळलं की तो वानखेडेभाऊंचा चेहरा असणार.

जुळलं. आकडा वर्षभर तिथेच बसून होता.

शेडमध्ये सगळे माझ्यामागे उभे होते. मला तुमच्या दगडाचा मान ठेवता आला असता. तेवढा एकच शब्द, मागच्या वर्षीचाच, पुन्हा. टेकडीला तो पाठ होता. पण मग या सगळ्यांच्या गोळ्या दरवर्षी वीतभर वरून जातील, ते वाऱ्याला बोल लावतील, आणि माझ्या त्या चार पणत्या माझ्याच राहतील. आणि तुम्ही, जे दगड जवळ येताना बघत वर्षभर एकटे बसलात, ते तसेच एकटे.

दगडापासून हाक आली, तुमचेच शब्द, दुसऱ्याच्या तोंडून.

“किती वं?”

मी नळ्यापासून डोळा काढला, शेडच्या बाहेर उन्हात आले आणि टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“एकशे चौऱ्याऐंशी, काका! मागच्या वर्षीही एकशे चौऱ्याऐंशीच होतं!”